घाणा वाड्यात नेताना: प्रकल्प नोंदी

28 डिसेंबर 2024, शनिवार

लाकडी तेलघाण्याची ऑर्डर पक्की झाली. संक्रांत झाली की येईल. करडईची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याआधी घाणा जागेवर बसून फिरला पाहिजे. म्हणून आज टेप घेऊन वेशीपासून आतल्या खोलीपर्यंत सगळी वाट मोजली.

कारखान्याकडून यंत्राची मापं आलीत: लांबी 42 इंच, रुंदी 31, लाट (उखळीत फिरणारा दांडा) आणि वरचा आडवा दांडा उतरवल्यावर उंची 54. वजन विचारलं तर "सहाशेच्या आसपास". आसपासवर दोरी निवडता येत नाही. टेम्पो आला की आधी मोंढ्याजवळच्या, म्हणजे धान्यबाजाराजवळच्या वजनकाट्यावर घालायचा.

वाट अशी. गल्ली 13 फूट रुंद, पण वेशीनंतरच्या वळणावर 8 फुटांवर येते. टेम्पो तिथं वळत नाही. ट्रॉली सोडलेला ट्रॅक्टर वळतो. दारापुढं तीन दगडी पायऱ्या, जोतं 27 इंच, त्यावर उंबरा 5 इंच. दार 38 इंच रुंद, उंबऱ्याच्या माथ्यापासून गणेशपट्टीपर्यंत (दारावरची गणपती असलेली आडवी पट्टी) 63 इंच. आत देवडी, देवडीतून 14 इंच खाली चौक, चौकातून परत वर ओसरी, आणि ओसरीवरून खोलीत जाताना आणखी एक 3 इंची उंबरा. म्हणजे चढ, उतार, परत चढ.

गवंडी येऊन गेले. त्यांचं म्हणणं, दाराशेजारची भिंत फोडून थेट आत घ्या, मग बांधून देतो. मी नाही म्हटलं, आणि आत्याबाईंनी तर बोलणंच थांबवलं: "भिंतीला हात लावायचा नाई. किल्लारीच्या वक्ताला मी बघितलंय." 30 सप्टेंबर 1993 ची ती भूकंपाची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून माणसं नुकती झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं वजन, त्याखालीच माणसं दबली. आमचा वाडा तसल्याच भिंतींचा. अशा भिंतीत एक दगड दुसऱ्याला धरून असतो, मधला काढला की वरचं माळवद कशावर राहील ते सांगता येत नाही. यंत्र वाड्याच्या मापात बसवायचं. वाडा यंत्राच्या मापात कापायचा नाही.

क्रेनही बाद. दारावरून विजेच्या तारा गेल्यात.

31 डिसेंबर, मंगळवार

काल येळवस (वेळ अमावस्या), सगळं गाव शेतात. आंबील-भज्जी खाऊन कडब्याच्या कोपीजवळ बसलो असतानाच भाऊजींबरोबर वहीत रेघोट्या मारल्या. आज त्या नीट उतरवून काढल्या.

उतरण, म्हणजे रॅम्प, सरळ दारासमोर टाकता येत नाही. 32 इंच चढायचे. 1 ला 12 (बारा फुटांना एक फूट) असा सावकाश चढ धरला तर 32 फूट लांबी लागते आणि गल्ली आहे 13 फूट. मग रॅम्प भिंतीला समांतर, गल्लीच्या लांबीत टाकायचा. 16 फूट लांबी घेतली तर 1 ला 6 पडतो. तेवढा चालेल, कारण ओढायचं काम तारेच्या पुलरने करणार, माणसांच्या जोरावर नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रॅम्प थेट उंबऱ्याशी नेऊन संपवायचा नाही. 1 ला 6 च्या चढावर 42 इंच लांबीच्या यंत्राचं पुढचं टोक मागच्यापेक्षा 7 इंच वर असतं. यंत्र 54, खाली पॅलेट (लाकडी बैठक) आणि त्याखाली घरंगळायचे पाइप मिळून 6, झाले 60. दारात जागा 63. सपाट गेलं तर 3 इंच मोकळे, तिरकं गेलं तर गणेशपट्टीला धडक. म्हणून दाराबाहेर उंबऱ्याच्या उंचीचा 6 बाय 6 फुटांचा सपाट ओटा हवा. रॅम्प ओट्यावर संपेल, तिथं यंत्र सपाट होईल, काटकोनात फिरेल आणि मग दारातून सरळ आत.

भिंतीलगत नाली आहे, वर पातळ स्लॅबचे तुकडे. त्यांच्यावर ओट्याचा एकही पाय येता कामा नये. नाली ओलांडून आडवे ओंडके टाकावे लागतील.

5 जानेवारी 2025, रविवार

आजचा दिवस मामांचा.

मला चौकाची धास्ती होती. देवडीतून 14 इंच खाली उतरवणं म्हणजे अर्ध्या टनाला मागून धरून ठेवणं. चढताना दोरी सुटली तर जड वस्तू मागं येते, पण तिच्यामागं कोणी उभं नसेल तर नुसतं नुकसान होतं. उतरताना मात्र दोरी धरणारा वर आणि वाट दाखवणारा नेमका खाली, वजनाच्या पुढ्यात. त्यावर काय करावं हे मी मामांना विचारत होते. ते काही बोलले नाहीत. कोठीतून पाण्याची नळी काढली, दोन्ही टोकांत पाणी सारखं करून घेतलं, एक टोक मला उंबऱ्याच्या माथ्याशी धरायला लावलं आणि दुसरं घेऊन स्वतः चौक ओलांडून ओसरीवर गेले. नळीतले बुडबुडे जाईपर्यंत बोटानं टिचक्या मारत राहिले. मग खडूनं ओसरीच्या खांबावर खूण केली.

बाहेरचा उंबरा गल्लीपासून 32 इंच. ओसरी गल्लीपासून 33 इंच. एका इंचाचा फरक!

पायऱ्या चढायच्या, चौकात उतरायचं, ओसरी चढायची, असं रोज पायांनी चालत असल्यामुळं ही दोन टोकं जवळजवळ एका पातळीत आहेत हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे उतरायचंच नाही. देवडी 5 इंच भरून घ्यायची आणि चौकावर पूल टाकायचा. चौक 15 फूट, रॅम्पची लोखंडी चॅनल 16 फूट. बाहेरचं काम झालं की तीच दोन चॅनल आत आणून पुलाला लावायची. वर जो इंचभर चढ उरतो तो हवाच आहे, त्यामुळं यंत्र आपसूक पुढं पळणार नाही.

"मग आता कशाला भेऊ लालीस?" मामा एवढंच म्हणाले आणि नळी गुंडाळायला लागले.

9 जानेवारी, गुरुवार

सामान. चार इंची सी चॅनल, 16 फुटांची दोन. वखारीतून बाभळीचे 4 बाय 4 चे तुकडे, गुटके आणि पाचरी कापून घेतल्या. सागवान देखणं असतं, पण या कामाला बाभूळच. दाबाखाली चेपत नाही आणि फुटायच्या आधी आवाज देते. दीड इंची जाड जीआय पाइप, प्रत्येकी 36 इंच. त्याहून लांब घेतले तर 38 च्या दारात अडकतील. सहा एमएमची एक लोखंडी प्लेट, ओट्यावर फिरवण्यासाठी.

चॅनल उभी ठेवायची, म्हणजे चार इंचाची बाजू उभी. आडवी टाकली की तीच चॅनल पट्टीसारखी लवते. हिशेब केला: एका चॅनलवर मधोमध 300 किलो आले आणि खाली आधार नसला तर ती दोनेक सेंटीमीटर लवेल. मोडणार नाही. पण लवलेल्या जागी पाइप गोळा होतात आणि यंत्र खड्ड्यात बसल्यासारखं अडतं. म्हणून मध्ये गुटक्यांचा आडवा-उभा रचलेला आधार द्यायचाच.

पॅलेटचे दोन ओंडके बरोबर दोन चॅनलच्या वर येतील अशा अंतरावर ठेवलेत. वजन ओंडक्यातून पाइपवर, पाइपमधून सरळ चॅनलवर. पाइपला मधल्या भागात वाकायची वेळच येत नाही. दोन चॅनलच्या मधल्या फळ्या फक्त माणसांच्या पायांसाठी.

12 जानेवारी, रविवार

ओटा रचला, रॅम्प लावला. रॅम्पच्या खालच्या टोकाला सिमेंटच्या रस्त्यात दोन सळया ठोकून अडसर दिला, नाहीतर वरून वजन येताच सगळा रॅम्प मागं सरकतो. चॅनल आणि ओटा यांनाही बोल्टने बांधलं.

यंत्र यायच्या आधी वजन चढवून बघितलं. पॅलेटवर तुरीची पोती रचली, काटेकोर 600 किलो होतील अशी, आणि हाताने ओढायच्या तारेच्या पुलरने वर घेतली. हा पुलर विजेचे खांब उभारणारे तार ताणायला वापरतात, त्यांच्याकडूनच भाड्याने आणला. याचा मोठा गुण असा की दांडा सोडला तरी तार जबड्यात धरलेलीच राहते. माणूस दमला, घाम पुसायला थांबला, तरी वजन आहे तिथं राहतं. चढावर मला असंच साधन हवं होतं.

पुलरचं दुसरं टोक बांधायचं कशाला, यावर बराच वेळ गेला. वाड्याच्या खांबाला बांधा, असं दोघांनी सुचवलं. सागाचा खांब मजबूत आहेच, पण तो वरचं वजन खाली घ्यायला उभा केलाय, आडवा ताण घ्यायला नाही. तो तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडावर, नुसता बसलेला आहे. त्याऐवजी गल्लीत वरच्या बाजूला ट्रॅक्टर उभा केला, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, चारी चाकांना दगड लावून. ट्रॅक्टर चालवून ओढायचं नाही. ड्रायव्हरला मागं किती ताण आला ते कळत नाही. कुठं काही अडकलं तर इंजिन ओढतच राहतं, मग तार तुटते नाहीतर यंत्र आडवं होतं. पुलरच्या दांड्यावर मात्र ताण हाताला लगेच कळतो.

15 जानेवारी, बुधवार

मोंढ्यात तुरीची आवक जोरात, हमाल मिळणं अवघड. मुकादमांनी शनिवारचा शब्द दिलाय. ते स्वतः येणार म्हणाले, हे सगळ्यात बरं झालं.

तोवर लहान सामान हलवून घेतलं. तेलाचा फिल्टर आणि पिठाची गिरणी आधीच आणून भाऊजींच्या गोठ्यात ठेवली होती. ही दोन्ही मोंढ्यातल्या पोत्यांच्या दोनचाकी हातगाडीवर नेली. गाडी निवडताना चाकं बघायची. नायलॉनची छोटी चाकं फरशीच्या सांध्यात अडकतात, मोठी रबरी चाकं दगडी पायरीचा काठसुद्धा ओलांडतात. वस्तूचा जड भाग खाली, चाकांच्या जवळ, आणि पट्ट्याने गाडीलाच आवळलेली.

चढावर माणूस नेहमी वरच्या अंगाला. चढताना गाडी मागं ठेवून ओढत न्यायची, उतरताना पुढं ठेवून धरत आणायची. दोन्ही वेळा वजन खालच्या बाजूला आणि आपण वर. पोरं सवयीनं चढावर गाडी पुढं ठेवून ढकलतात. हात सुटला की ती थेट छातीवर येते. भाऊजींच्या थोरल्याला हे करून दाखवलं आणि त्याच्याकडून रिकामी गाडी वर-खाली नेऊन घेतली.

घाणा मात्र हातगाडीचा नाही. त्याचा भार वरच्या भागात आहे. हातगाडीवर तिरका केला की तो धरणाऱ्याच्या ताकदीबाहेर जातो.

18 जानेवारी, शनिवार

सकाळी टेम्पो काट्यावर घातला. भरलेला आणि नंतर रिकामा, फरक 620 किलो.

वेशीजवळच्या पारापुढं उतरवला. बोअरमधली मोटर काढणाऱ्यांचा तीन पायांचा घोडा आणला होता, त्याला एक टनाची चेन पुली. घोड्याचे तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधले, म्हणजे फाकत नाहीत. यंत्र चार बोटं उचललं, टेम्पो हळूच पुढं काढला, यंत्र खाली पॅलेटवर. उचललेल्या यंत्राखाली हात घालून पॅलेट सरळ करायला एकजण वाकला, तेव्हा मुकादम ओरडले ते अख्ख्या पाराला ऐकू गेलं. पॅलेट काठीनं सरकवलं.

तिथंच मोटर, पॅनल, लाट आणि गार्ड सुटे केले. उरलं 510, पॅलेटसह 550. रस्त्यावरून वळणापर्यंत आणि पुढं दारापर्यंत हायड्रॉलिक हँड पॅलेट ट्रकवर. सिमेंटच्या सपाट रस्त्यावर तो एका माणसाच्या हाताने चालतो. चढाला मात्र त्याला नेलं नाही, त्याला ब्रेक नसतो.

रॅम्पच्या पायथ्याशी यंत्राखाली पाइप घातले. पहार पाच फुटी, टेकू टोकापासून सहा इंचांवर. दांड्याची लांब बाजू आखूड बाजूच्या नऊपट. दोघांनी अंगाचं वजन टाकलं की पॅलेटचा कोपरा उचलतो आणि पाइप सरकतो. उचलला की लगेच गुटका. पहारेवर भरवसा ठेवून बोटं आत घालायची नाहीत.

1 ला 6 च्या चढावर 550 किलोंचा मागं येणारा भाग साधारण 92 किलो. पाइपांचं घर्षण धरून सव्वाशेच्या आत. कागदावरचा हा आकडा पुलरच्या दांड्यावर खरा वाटला, एका माणसाला जमत होतं. मागं दोघं पाचरी घेऊन, पण बाजूला उभे, यंत्राच्या रेषेत नाही. वीतभर सरकलं की दोन्ही ओंडक्यांमागं पाचर सरकवायची. मागून सुटणारा पाइप उचलून पुढं लावायचा. बोलायचं फक्त मुकादमांनी. "हां" म्हटलं की दांडा, "थांब" म्हटलं की सगळे थांब. बघायला जमलेल्यांनाही गप्प बसायला सांगितलं, कारण गर्दीतून कुणी "हां" म्हटलं तर तोही हुकूमच होतो.

रॅम्पच्या मध्यावर डाव्या चॅनलखालचा गुटका दबून किर्रर्र असा आवाज आला. मुकादमांनी थांबवलं. पाचरी लागलेल्या होत्या, पुलर धरून होता, त्यामुळं कुणालाही यंत्राला हात लावून उभं राहावं लागलं नाही. भाऊजींनी शांतपणे शेजारी दुसरा गुटका रचून पाचर ठोकली. एवढ्या वेळात आत्याबाईंनी सगळ्यांना चहा दिला. यंत्र चढावर आणि माणसं चहा पिताहेत, हे बघून माझी खात्री पटली की तयारी बरोबर झालीय. ओढायला किती माणसं लागतील हा प्रश्न सगळे विचारतात. मी आधी विचारते की सगळ्यांनी हात सोडले तर ते कुठं थांबेल.

ओट्यावर पोचल्यावर पाइप काढून यंत्र प्लेटवर बसवलं. प्लेटवर कपड्याचा साबण ओला करून फासला होता. ग्रीस लावलं असतं तर तेच माणसांच्या तळव्यांना लागून फळ्यांवर पाय घसरले असते, साबण पाण्यानं धुतला जातो. पॅलेटचा कोन-ते-कोन आडवा माप 59 इंच, ओटा 72. दोन विरुद्ध कोपऱ्यांना पहारी लावून चौघांनी फिरवलं. जागच्या जागी वळलं.

दारातून जाताना मी गणेशपट्टीकडं बघत होते. मध्ये तीन बोटं बसतील एवढी फट. मामांनी आधीच गणपतीवर जुनी गोधडी बांधली होती. गोधडीला धक्कासुद्धा लागला नाही.

रात्री यंत्र देवडीत, चारी बाजूंनी पाचरी मारून.

19 जानेवारी, रविवार

चॅनल आत आणून पूल टाकला. ओसरीच्या काठाच्या दगडावर वजन द्यायचं नव्हतं, तो दगड मागच्या भरावावर नुसता टेकलेला असतो आणि काठावर भार आला की पुढं कलतो. म्हणून चौकातच, दोन्ही काठांना लागून आणि मध्ये, गुटक्यांचे आधार उभे केले. चॅनलची टोकं काठावर नुसती तरंगती.

ओसरीवर शहाबादी फरशी. नाणं वाजवून बघितली: भरीव असेल तिथं टणक आवाज, खाली पोकळ असेल तिथं भद्द. पोकळ जागा बऱ्याच निघाल्या. सगळ्या वाटेवर 19 एमएमचा प्लायवूड अंथरला. तरी खोलीच्या दाराजवळची एक फरशी तडकली. ती पुढं बदलायची.

खोलीत जागेवर आल्यावर खाली उतरवणं हेच सर्वात सावकाश काम. ट्रॅक्टरचा जॅक एका बाजूला, थोडं उचलायचं, एक गुटका कमी करायचा, थोडं सोडायचं, मग दुसरी बाजू. जॅक कधीही एकटा नाही, त्याच्या शेजारी गुटक्यांचा थर नेहमी अर्ध्या इंचाच्या आत. जॅकचं तेल सुटलं तर यंत्र अर्धा इंचच खाली बसेल.

दुपारी घाणा जमिनीवर. मुकादमांनी आत्याबाईंच्या हातून नारळ फोडायला लावला.

24 जानेवारी, शुक्रवार

लाट, मोटर, पॅनल परत बसवले. 3 एचपीची सिंगल फेज मोटर. लेव्हल बघितली तर मागचा डावा पाय दोन सूत खाली. पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून सारखं केलं. लाट मिनिटाला पंधराएक फेरे घेते, एवढ्या संथ यंत्राला हादरा कमी, पण एका पायावर लंगडत फिरलं तर उखळीचं लाकूड एकाच बाजूनं झिजतं. रिकामं तासभर फिरवून बोल्ट परत आवळले.

रॅम्प मोडला नाही. सुटा करून प्रत्येक भागावर रंगाने आकडे टाकले आणि गोठ्याच्या माळ्यावर ठेवला. उखळी बदलायची वेळ येईल तेव्हा यंत्र त्याच वाटेनं बाहेर काढावं लागेल. शेजारच्या गावातल्या बचत गटालाही मिरची कांडप यंत्र घरात घ्यायचंय. त्यांचं जोतं दीड फूट आहे. चॅनल त्यांना देणार आहे, पण पुलर भाड्यानं आणा आणि खांबाला बांधू नका, हे स्वतः जाऊन सांगणार.

2 फेब्रुवारी, रविवार

गेल्या वर्षीची घरची करडई घालून पहिला घाणा काढला. सुरुवातीचं तेल गढूळ आलं, नव्या लाकडानं बरंचसं पिऊन टाकलं, हे कारखान्यानं आधीच सांगितलं होतं. पेंड गरम येत नाही, हाताला कोमट लागते.

राहिलेली कामं: तडकलेली फरशी. फिल्टरखाली तेल गळायला पत्र्याचा ट्रे. दाराबाहेर नालीवरचा एक स्लॅब ओटा काढताना हललाय, तो सिमेंट लावून बसवायचा. पुलर बुधवारपर्यंत परत द्यायचा, त्याआधी तारेला तेल लावून.